एलिझाबेथ ह्यूज

एलिझाबेथचा जन्म १९०७ साली अमेरिकेत झाला. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी, तिला मधुमेह झाला. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नव्हते. त्यावर तेव्हा औषध नव्हते. डॉक्टर अ‍ॅलन तिला अगदी मोजून-मापून खायला देत. त्यामुळे ती तीन वर्षे तगली, पण वजन अवघे २० किलो उरले.

ऑगस्ट १९२२ मध्ये आईने तिला कॅनडात टोरांटोला डॉक्टर बँटिंग यांच्याकडे नेले. तिथे इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झाली आणि एलिझाबेथ पोटभर जेवू लागली! पुढे ती पदवीधर झाली, लग्न झाले, तीन मुले झाली. सुमारे ४२,००० इंजेक्शने घेत ती १९८१ पर्यंत, ७३ वर्षे जगली.

वर्गातला एखादा मित्र डबा खाण्याआधी इंजेक्शन घेत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्यासाठी थांबा आणि मग सगळे मिळून जेवा.