तारमास्तर बोदो

1993 साली आमच्या शाखेत कॉम्प्युटर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. एका सोमवारी सकाळी, पगाराच्या गर्दीत, तीन नंबरच्या काउंटरवरचं टर्मिनल वेड्यासारखं वागू लागलं. खातेदाराचं नाव टाईप करावं तर पडद्यावर आकडे, कंस आणि उलटेसुलटे डोळे काढलेली चिन्हं. रांगेतल्या एका पेन्शनर काकांना वाटलं, आपली शिल्लकच गेली. दुपारी कंपनीचा पोरसवदा इंजिनियर आला. त्याने मुख्य मशीनवर बसून एक ओळ टाईप केली. आधी एसटीटीवाय ही अक्षरं, मग 9600 हा आकडा, मग त्या टर्मिनलच्या तारेचं नाव. पडदा शहाणा झाला. ही सेटिंग मशीन बंद केलं की पुसली जाते, म्हणून त्याने तीच गोष्ट एका फाईलमध्येही लिहून ठेवली.

झालं होतं ते एवढंच. त्या तारेतून अक्षरं एकामागून एक, एका ओळीत जातात. अक्षराचेही तुकडे पडतात आणि ते तुकडे एकेक करून धावतात. धाडणारा ज्या वेगाने धाडतो त्याच वेगाने घेणाऱ्याने मोजले पाहिजेत. मशीन 4800च्या वेगाने बोलत होतं आणि टर्मिनल 9600च्या वेगाने ऐकत होतं. वेग, अक्षराचे तुकडे किती, चूक पकडायला जादा तुकडा आहे की नाही, शेवटी थांबा किती, एवढ्या गोष्टींवर दोन्ही टोकांचं एकमत असलं की संसार सुखाचा. या वेगाच्या मापाला तो बॉड म्हणत होता. बॉड हे एका माणसाचं नाव आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्या माणसाचं नाव एमिल बोदो. 11 सप्टेंबर 1845 रोजी फ्रान्समधल्या मान्यो नावाच्या खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतंच. चोविशीपर्यंत शेतातच राबला आणि 1869च्या सुमारास तारखात्यात उमेदवार म्हणून चिकटला. खात्याने त्याला मोर्सचं यंत्र शिकवलं, मग ह्यूज यांच्या छापणाऱ्या तारयंत्राचं काही महिन्यांचं शिक्षण दिलं. मध्ये प्रशियाशी युद्ध झालं, त्यात थोडे दिवस गेले. 1872मध्ये तो पॅरिसला परतला.

ह्यूजच्या यंत्रात दोन्ही टोकांना अक्षरांची चाकं एकाच गतीने फिरायची. हवं ते अक्षर समोर आलं की एक झटका धाडायचा, पलीकडे ते अक्षर छापलं जायचं. बोदोच्या ध्यानात आलं, की या सगळ्यात तार बहुतेक वेळ रिकामीच बसते. शेकडो मैल तार ओढायला एवढा खर्च, आणि ती चाकाची वाट पाहत पडून राहते! बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे दुखणं लगेच कळतं. तिजोरीत पडून राहिलेल्या रकमेसारखंच ते.

खात्याने त्याला प्रोत्साहन दिलं, पण काम स्वतःच्या वेळात करायचं या बोलीवर. त्याने वेळच वाटून टाकली. एक गोल तबकडी, तिचे भाग पाडलेले, वरून फिरणारा ब्रश, आणि तसंच यंत्र पलीकडच्या टोकाला, अगदी त्याच तालात फिरणारं. ब्रश ज्याच्या भागावर, तार तेवढा क्षण त्याची. चार-पाच तारमास्तर एकाच तारेवरून एकाच वेळी संदेश धाडू लागले. प्रत्येकापुढे पेटीसारख्या पाच पट्ट्या, दोन डाव्या हाताला, तीन उजव्या. प्रत्येक अक्षर म्हणजे या पाचांतल्या काही दाबलेल्या, काही सोडलेल्या. यंत्र टिक् असा आवाज करायचं, तेवढ्यात बोटं जागेवर हवीत. सम चुकली की अक्षर गेलं. मिनिटाला साधारण तीस शब्दांची ही लय तासन् तास सांभाळायची! त्या तारमास्तरांची मला यंत्राहून अधिक कमाल वाटते.

17 जून 1874 रोजी त्याने पेटंट घेतलं. पाच चिन्हांतून बत्तीस रूपं निघतात ही युक्ती काही त्याची एकट्याची नव्हे. बेकनने 1623 साली अशीच एक गुप्तलिपी छापली होती. बोदोने ती तारेवर कामाला लावली. नोव्हेंबर 1877मध्ये पॅरिस–बोर्दो मार्गावर यंत्राची चाचणी झाली, आणि 1878च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं.

पण याच सुमाराला लुई मिमो नावाचा दुसरा एक संशोधक कोर्टात गेला. पाच चिन्हांची लिपी आधी माझी, असा त्याचा दावा. पहिल्या निकालात कोर्टाने त्याला अग्रमान दिला, आणि गंमत म्हणजे त्यावर दोघंही नाखूश. पुढे तो निकाल फिरला आणि सगळा खर्च मिमोच्या डोक्यावर बसला. माणूस पार बिथरला. त्याने सरकारकडे पैसे, मानचिन्ह, पेटंटची मुदतवाढ असं सगळं मागितलं. त्या मागणीचा विचार करणाऱ्या समितीचे प्रमुख ज्यूल रेनो यांनी नकार दिल्यावर त्याने रेनोंना गोळी घातली. त्याला सक्तमजुरी आणि हद्दपारीची शिक्षा झाली. बोदो तसा सुटला. पण पट्ट्यांच्या खेळात एका निरपराध माणसाचा जीव गेला, हे त्याने मनात कुठे ठेवलं असेल, याचा विचार माझ्यातल्या कादंबरीकाराला सोडत नाही.

नोकरीत तो चढत गेला. 1882मध्ये निरीक्षक-अभियंता झाला. 1890मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, लग्न केलं. तब्येत मात्र पहिल्यापासून नाजूक, मधूनमधून दीर्घ रजा. 28 मार्च 1903 रोजी पॅरिसजवळच्या सो गावी तो गेला, सत्तावन्नाव्या वर्षी. 1920च्या दशकात तारखात्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने वेगाच्या मापाला त्याचं नाव दिलं.

मरे नावाच्या गृहस्थाने सुधारलेली त्याची पाच चिन्हांची लिपी पुढे टेलेक्सवर आली, आणि तिथे मी तिला हात लावला आहे. बँकेच्या टेलेक्सच्या कागदी फितीवर आडव्या ओळीत पाच भोकं असत. बत्तीस रूपांत अक्षरंही बसवायची आणि आकडेही, म्हणून एक खूण आकड्यांकडे नेणारी आणि एक अक्षरांकडे परत आणणारी. तारेवरच्या खरखरीत ती खूण हरवली, की पाच हजारांच्या जागी टीपीपीपी छापून येई. म्हणून रक्कम अक्षरीही लिहायची, हा दंडक. माझ्या पहिल्या साहेबांनी या एका गोष्टीवरून मला भर शाखेत झापलं होतं आणि ते योग्यच होतं.

गेल्या दिवाळीत भाचीचा अकरावीतला मुलगा लॅपटॉपला एक इवलासा सर्किट बोर्ड जोडून बसला होता. पडद्यावर तीच ओळखीची उलटीसुलटी चिन्हं. मी वेग विचारला. एका बाजूला 9600, दुसऱ्या बाजूला 115200. त्याने तीच जुनी आज्ञा टाईप केली, एसटीटीवाय, आणि पडदा शहाणा झाला. मग कौतुकाने त्याने मला त्या आज्ञेची सगळी यादी दाखवली. तिच्यात अक्षराचे तुकडे आठ, सात, सहा आणि पाचसुद्धा करता येतात, आणि वेगांत 50 हा आकडा अजून शाबूत आहे. एवढा हळू वेग कुणाला लागतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, टेलेक्सला. टेलेक्स म्हणजे काय, ते सांगता सांगता फराळ राहून गेला.