जगदीशचंद्र बोस यांची विषयनिवड

शाळेचा अभ्यासक्रम संपत आला, म्हणजे घरोघरीं एकच प्रश्न निघतो. पुढें विश्वविद्यालयांत जावयाचें, तर हातीं असलेले विषय तसेच ठेवावे, कीं ते सोडून दुसरे घ्यावे? बदल केला तर झालेला अभ्यास फुकट जाईल, असें पालकांस वाटतें. न केला तर जन्मभर नावडतें काम करावें लागेल, असें विद्यार्थ्यास वाटतें. दोहोंच्याही म्हणण्यांत तथ्य आहे. म्हणून ज्यांनीं ऐन विद्यार्थिदशेंत आपली वाट बदलली, अशा एका थोर शास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं पूर्व बंगालमध्यें झाला. त्यांचे वडील भगवानचंद्र हे डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या हुद्द्यावर होते. अशा अधिकाऱ्यांचीं मुलें त्या काळीं इंग्रजी शाळेंत जात; परंतु भगवानचंद्रांनीं आपल्या मुलास प्रथम बंगाली पाठशाळेंत घातलें. मुलाची मातृभाषा पक्की व्हावी आणि आपल्या लोकांची त्यास ओळख व्हावी, हा त्यांचा हेतु होता. तेथें शेतकऱ्यांचीं व कोळ्यांचीं मुलें जगदीशचंद्रांच्या शेजारीं बसत. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकतां ऐकतां सृष्टीविषयींचें कुतूहल या बालकाच्या मनांत रुजलें.

पुढें ते कलकत्त्यास सेंट झेवियर्स शाळेंत व नंतर त्याच संस्थेच्या कॉलेजांत शिकले. तेथील फादर लाफों हे बेल्जियन गुरुजन पदार्थविज्ञानाचे प्रयोग वर्गासमोर प्रत्यक्ष करून दाखवीत, व त्याबद्दल त्यांची मोठी ख्याति होती. या प्रयोगांनीं जगदीशचंद्रांचें मन वेधून घेतलें. १८७९ सालीं ते कलकत्ता विश्वविद्यालयाचे बी. ए. झाले.

आतां पुढें काय, हा प्रश्न त्यांच्याही घरीं उभा राहिला. लोकांस उद्योगधंदा मिळावा म्हणून भगवानचंद्रांनीं कांहीं कारखानदारी काढली होती. तींत पैसा बुडून कुटुंब कर्जांत सांपडलें होतें. विलायतेस जाऊन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा द्यावी आणि मोठ्या पगारावर हें कर्ज फेडावें, असें मुलानें ठरविलें. परंतु वडिलांनीं स्वतः सरकारी अधिकारी असूनही या बेतास साफ नकार दिला. मुलानें विद्वान् व्हावें, ही त्यांची इच्छा होती. शेवटीं वैद्यकाचा अभ्यास करावयाचें ठरलें. एका मुलास मृत्यूनें हिरावून नेलेलें असल्यामुळें आईचा समुद्रप्रवासास विरोध होता. तोही पुढें मावळला. इतकेंच काय, खर्चासाठीं आपले दागिने विकावयासही ती माउली तयार झाली.

१८८० सालीं जगदीशचंद्र लंडनला गेले आणि वैद्यकाच्या वर्गांत बसले. परंतु हिंदुस्थानांतच जडलेला ताप पुनःपुन्हां उलटूं लागला. शवविच्छेदनाच्या दालनांतील हवेनें तो अधिकच बळावे. हा अभ्यास प्रकृतीस झेंपणार नाहीं, असें दिसून आलें. केवढा कठीण प्रसंग हा! घरीं कर्ज, आईचा त्याग डोळ्यांसमोर, आणि वर्ष तर निघून गेलेलें. हट्टानें तेथेंच राहावें तर जीव धोक्यांत, आणि निराश होऊन घरीं परतावें तर सर्वच व्यर्थ.

जगदीशचंद्रांनीं तिसरा मार्ग धरला. त्यांचे मेहुणे आनंदमोहन बोस यांनीं केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजांत अध्ययन केलेलें होतें, व तेथील प्रवेशाच्या कामीं त्यांचें साह्य झालें. १८८२ सालीं जगदीशचंद्र त्याच कॉलेजांत सृष्टिविज्ञानाच्या अभ्यासक्रमास दाखल झाले. तेथें त्यांनीं निवडीची घाई केली नाहीं. आरंभीं अनेक शास्त्रांचीं व्याख्यानें ऐकलीं, आणि आपला कल ओळखून मग पदार्थविज्ञान, रसायन व वनस्पतिशास्त्र या विषयांवर मन स्थिर केलें. लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरु त्यांस लाभले. १८८४ सालीं केंब्रिजची पदवी घेऊन, शिवाय लंडन विश्वविद्यालयाची बी. एस्‌सी. ही पदवीही त्यांनीं मिळविली.

स्वदेशीं परतल्यावर १८८५ सालीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत त्यांची नेमणूक झाली. हिंदी अध्यापकांस युरोपियनांहून कमी वेतन देण्याचा तेथें प्रघात होता. त्याचा निषेध म्हणून त्यांनीं तीन वर्षें वेतनास हात लावला नाहीं, पण शिकविण्यांत कसूर केली नाहीं. अखेर सरकारनें पूर्ण वेतन मागील बाकीसह दिलें, आणि त्यांनीं वडिलांचें ऋण फेडलें. जें कर्ज फेडण्यासाठीं ते मोठी सरकारी नोकरी शोधीत होते, तें आवडत्या विद्येच्या बळावर फिटलें.

१८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें त्यांनीं अदृश्य विद्युत्‌लहरींच्या योगानें दूर अंतरावरील घंटा वाजवून व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. १९०० च्या सुमारास ते वनस्पतींच्या संवेदनांकडे वळले. पदार्थविज्ञानाच्या माणसानें आमच्या क्षेत्रांत कां यावें, असा कांहीं शरीरशास्त्रज्ञांचा रोष झाला. परंतु जगदीशचंद्र या क्षेत्रांत अगदींच परके नव्हते. सजीव सृष्टीची ओळख लंडनच्या वर्षीं झालेली होती, वनस्पतिशास्त्र केंब्रिजला पक्कें झालें होतें, आणि सूक्ष्म यंत्रें बनविण्याची हातोटी पदार्थविज्ञानानें दिली होती. या सर्वांच्या मिलाफांतून वनस्पतीची सूक्ष्म वाढ मोजणारें क्रेस्कोग्राफ हें यंत्र निर्माण झालें. त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असें नाहीं. परंतु लाजाळूसारख्या वनस्पतींत विद्युत्‌संदेश वाहतात, हें आज शास्त्रास मान्य आहे. १९१७ सालीं त्यांनीं कलकत्त्यास बोस विज्ञानमंदिर स्थापिलें, १९२० सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें त्यांचें देहावसान झालें.

या चरित्रांतून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? केवळ कंटाळा आला म्हणून किंवा मित्रानें बदलला म्हणून विषय बदलूं नये. पण वाट चुकली असें खरोखर कळून आलें, तर गेलेल्या वर्षाच्या मोहानें तींतच अडकूनही पडूं नये. विषय सोडण्यापूर्वीं, त्या वाटेनें जो गेला आहे त्यास विचारावें. कारण आज सोडलेलें गणित पुढें पदार्थविज्ञानाचें दार बंद करूं शकतें, व तें विश्वविद्यालयाच्या पायरीवर कळून उपयोग नाहीं. आणि एकदां निवड केली, म्हणजे मन लावून तीस पुरी संधि द्यावी.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. भगवानचंद्रांनीं घरांत कर्ज असतां मोठ्या पगाराची वाट नाकारली, आणि त्या माउलीनें मनांतील भय गिळून मुलास निरोप दिला. आपल्या मुलानें विषयाचा प्रश्न काढला, म्हणजे पगार किती, हें विचारण्याआधीं त्याचें मन कशांत रमतें, तें विचारावें. मनापासून केलेला अभ्यास वायां जात नाहीं. केव्हां ना केव्हां तो उपयोगीं पडतोच.