माधानचे गुलाबराव महाराज



आपल्या वर्गात माधानची मुले होती. गुलाबराव महाराजांचे नाव मी प्रथम त्यांच्याकडूनच ऐकले. महाराज अंध होते आणि त्यांनी पुष्कळ ग्रंथ लिहिले, एवढेच तेव्हा ठाऊक होते. त्यांचे चरित्र मी गेल्या वर्षी नीट वाचले, तेही घरात पेच पडला म्हणून. मुलीने चांगली नोकरी सोडून शास्त्रीय गाणे शिकायचे ठरवले होते.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी लोणी टाकळीचा. घराणे माधानच्या मोहोडांचे, शेतकरी कुणब्यांचे. वडील गोंदुजी, आई अलोकाबाई. वर्षाचे व्हायच्या आत दृष्टी गेली, चौथ्या वर्षी आई गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेत, ऐकलेले ध्यानात ठेवत त्यांनी शास्त्रांचा अभ्यास केला. १८९६ मध्ये घरच्यांनी रीतीप्रमाणे मनकर्णिकाबाईंशी लग्न लावून दिले आणि संसार सुरू झाला.

१९०१ साली ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे ते स्वतःला माउलींची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानू लागले. ते मनातच ठेवले नाही. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र घालून ते लोकांत वावरले. शंभर वर्षांपूर्वीचे आपले गाव, घरात बायको, दारात भाऊबंद! आजही कोणी असे केले तर पारावर किती दिवस चर्चा चालेल, हे आपण सारे जाणतो.

ही भक्ती त्यांनी 'मधुराद्वैत' या नावाने मांडली. शंभरावर ग्रंथ झाले. त्यांत पाश्चात्त्य विचारांचाही परामर्श आहे. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस.

वाचताना मी मनकर्णिकाबाईंपाशी सारखा अडत होतो. कृष्णाला पती मानणाऱ्या माणसाची बायको म्हणून गावात वावरणे सोपे गेले असेल का? महाराजांची निष्ठा मोठी, पण तिचे ओझे त्या माउलीनेही वाहिले असणार.

दहावीनंतर मला चित्रकला शिकायची होती. वडील आजारी, संत्र्याची बाग, दोन बहिणींची लग्ने व्हायची. मी घरी थांबलो. त्याचा पस्तावा नाही. बहिणी सुखात आहेत. पण रंगांची पेटी अजून माळ्यावर आहे.

चरित्र मिटले आणि मुलीला फोन केला. म्हटले, बाई, तू गाणे शीक. दोन वर्षांचा खर्च बाग देईल. फक्त तुझ्या आईला रोज फोन करत जा, काळजी तिलाच जास्त लागते.

ती रोज फोन करते. आणि आता संमेलन झाले की मीही माळ्यावर चढणार आहे.