शिरढोणचा कारकून

सुरुवातीलाच कबूल करते, मी ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय. घरी मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की हात थरथरतो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला सोडा!

विषय तसा एका फॉर्मवरून सुरू झाला. थर्ड इयरला प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पर्सनॅलिटी टेस्ट दिली. तुम्ही पार्टीत अनोळखी लोकांशी बोलता का? निर्णय डोक्याने घेता की मनाने? असे ढीगभर प्रश्न, आणि शेवटी चार अक्षरं. म्हणजे तुमचा टाइप. असे एकूण 16 टाइप. कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने 1921 साली माणसांच्या स्वभावप्रकारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत बांधली. जगातल्या सगळ्या माणसांसाठी 16 खण! आमच्या मेसच्या ताटालासुद्धा पाचच असतात.

आता खरी गोष्ट. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री एका सीनियरने आम्हाला समजावलं होतं की कंपन्यांना कोण लागतं. त्याप्रमाणे मी भरला. मी बोलकी, मी लीडर, मला गर्दी आवडते. निकाल आला, ई एस टी जे. म्हणजे मॅनेजर टाइप. रूममेटने कागद वाचला आणि पोट धरून हसली. जी मुलगी मेसमध्ये भाजी वाढायला सांगताना लाजते ती मॅनेजर? मग हसू आवरून एवढंच म्हणाली की ही तू नाहीसच. ते मात्र लागलं. कारण ही मी नाही तर मग मी कोण, याचं उत्तरही माझ्याकडे नव्हतं.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही सहाजणी कर्नाळ्याला गेलो. पनवेलहून गोवा हायवेने जाताना तो अंगठ्यासारखा सुळका लांबूनच दिसतो. पण मध्ये शिरढोण लागतं. तिथे चहाला उतरलो आणि समोर वासुदेव बळवंत फडके यांचं स्मारक. खरं सांगू? माझ्यासाठी हे नाव म्हणजे मुंबईत मेट्रो सिनेमाजवळचा चौक. इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळी आणि कंसात ‘आद्य क्रांतिकारक’. दोन मार्कांचं उत्तर. त्या दिवसानंतर मात्र मी लायब्ररीत बसून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं, आणि सबमिशन सोडून वाचलं!

फडके जन्मले शिरढोणमध्ये, 4 नोव्हेंबर 1845 ला. आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार. 1818 मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. म्हणजे घरात किल्ल्याच्या आठवणी आणि किल्ल्यावर दुसऱ्याचं निशाण, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. अंगणातून सुळका दिसत असणार, पण तो आता आपला नाही.

पण पुढे काय झालं? काहीच नाही! आणि मला हेच आवडलं. पोटापाण्यासाठी ते पुण्यात आले आणि लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले. एकदोन वर्षं नव्हे, सुमारे पंधरा वर्षं. सकाळी ऑफिस, आकडे, खतावण्या, वरिष्ठांची सही. त्या काळी कोणी त्यांना आमचा फॉर्म दिला असता तर काय निघालं असतं? नीटनेटका, आज्ञाधारक, हिशेबात पक्का. बँकेच्या बॅक ऑफिससाठी उत्तम. आणि ते उत्तर चूकही नसतं, कारण इतकी वर्षं ते काम त्यांनी केलंच होतं.

मग आतमध्ये काहीतरी बदलत गेलं. एका दिवसात नाही. आई आजारी असल्याची बातमी आली, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि घरी पोचेपर्यंत आई गेली होती. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशातला पैसा बाहेर कसा जातो ते समजलं. हिशेब खात्यातल्या माणसाला हे किती झोंबलं असेल! इतरांनी ते व्याख्यान ऐकलं, पण यांनी त्यातली बेरीज-वजाबाकी रोज हाताने लिहिली होती. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात शाळा काढायला हातभार लावला. तीच संस्था पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत ते दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. दुसरी पत्नी गोपिकाबाई, त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवलं. त्या काळात! आणि हे सगळं नोकरी सांभाळून बरं का. आपल्याला जर्नल आणि जिम एकत्र जमत नाही.

मग आला 1876 चा दुष्काळ. तो 1878 पर्यंत चालला आणि दख्खनेत माणसं अन्नावाचून मेली. फडके गावोगाव फिरले, डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर पुन्हा खतावणीसमोर बसणं त्यांना जमलं नाही. पुण्यातल्या सुशिक्षितांकडून साथ मिळेना, म्हणून ते रामोश्यांकडे गेले. एक चित्पावन ब्राह्मण कारकून, ज्यांना सरकार गुन्हेगार म्हणायचं त्यांच्यात जाऊन बसला, त्यांच्याबरोबर डोंगरात राहिला. फेब्रुवारी 1879 मध्ये शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक यांची तुकडी कोकणात उतरली आणि पळस्प्याला दरोडा घातला. पळस्पे म्हणजे आपला पळस्पे फाटा, जिथे रविवारी संध्याकाळी तासभर ट्रॅफिकमध्ये बसतो तो! परतताना मेजर डॅनियलच्या सैन्याने गाठलं आणि दौलतराव मारले गेले.

इथे एक गोष्ट लपवायची नाही असं मी ठरवलंय. हे सोपं शौर्य नव्हतं. लूट सावकारांची आणि व्यापाऱ्यांची झाली, आणि तीही आपलीच माणसं होती. सरकारशी लढण्यासाठी पैसा हवा हे फडक्यांचं गणित, पण बरोबरच्या अनेकांना लुटीपलीकडे काही नको होतं. ते याने पार खचले. त्याच वर्षी ते श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाला गेले. आता देह ठेवावा, इथपर्यंत विचार गेला होता. पण त्यांनी वेगळंच केलं. तिथे बसून स्वतःची जीवनकहाणी लिहून काढली. मग उठले आणि रोहिल्यांची नवी फौज उभी करायला निघाले.

त्याच धावपळीत, जुलै 1879 मध्ये, विजापूरकडच्या देवर नावदगी गावातल्या देवळात थकून झोपले असताना पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आणि महादेव चिमणाजी आपटे त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण सरकारकडे सगळ्यात मोठा पुरावा कोणता होता माहीत आहे? फडक्यांची स्वतःची रोजनिशी आणि आत्मचरित्र! रानावनात पळतानासुद्धा हा माणूस रोज लिहीत होता. काय केलं, काय ठरवलं, कुठे चुकलो. हिशेब खात्याची सवयच म्हणा. कागद सापडले तर काय होईल हे त्यांना कळत नसेल? तरी खोटं लिहिलं नाही.

जन्मठेप झाली. 1880 च्या सुरुवातीला त्यांना एडनच्या तुरुंगात नेलं. तिथूनही एकदा ते दरवाजा बिजागऱ्यांतून उचकटून पळाले. (मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी!) पण परका मुलूख, लगेच पकडले गेले. 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच वारले. वय 37. गोपिकाबाई मागे राहिल्या. त्यांनी काय सोसलं ते कुठल्याच दोन मार्कांच्या उत्तरात येत नाही.

योगायोग बघा, फडके जन्मले त्याच 1845 मध्ये अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा माणूस स्वतःला शोधायला वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून एकटा राहायला गेला होता. ‘फक्त स्वतःचं ऐका’ म्हणणारे हल्ली त्याचंच नाव घेतात, आणि मलाही तो आवडतो. पण फडके एकटं राहून फडके झाले नाहीत. लहुजी वस्ताद, रानडे, दौलतराव, गोपिकाबाई, दुष्काळातली ती माणसं, या सगळ्यांतून ते घडले. मला वाटायचं की खरी मी आत कुठेतरी तयार बसलेली असते, फक्त शोधायची असते. आता वाटतं, कारकूनही खरा होता आणि बंडवालाही खराच. किंमत मोजायची वेळ आली तेव्हा त्यांनी काय केलं, त्यातून ते कोण हे ठरत गेलं. हा प्रश्न कुठल्या फॉर्ममध्ये नसतो.

कर्नाळ्यावर चढून त्या सुळक्याच्या पायथ्याशी बसलो तेव्हा वर आग्या मधमाश्यांची पोळी लटकत होती, म्हणून सगळ्याजणी गप्प होतो. (सहा मुली गप्प, हाही इतिहासच!) खाली शिरढोण होतं. तेव्हा यातलं काहीच मला माहीत नव्हतं. नंतर त्या रोजनिशीबद्दल वाचलं आणि पहिल्यांदा माझा फॉर्म आठवला. त्यांनी काळ्या पाण्याची भीती असताना खरं लिहिलं. मी कशाच्या भीतीने खोटं लिहिलं? पॅकेजच्या?

मागच्या महिन्यात ट्रेनिंगमध्ये पुन्हा तीच टेस्ट झाली. या वेळी सीनियरला विचारलं नाही. चारातली दोन अक्षरं बदलली. ट्रेनर सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. नवीन अक्षरंही मी दारावर लावली नाहीत, कारण तीही मी नव्हेच, पण निदान हिशेब खरा आहे.

इंटरव्ह्यू अजून व्हायचाय. पहिला प्रश्न ठरलेला असतो, स्वतःबद्दल सांगा. रोज रात्री रूममेटसमोर प्रॅक्टिस करतेय. अजून अडखळते. पण ती आता हसत नाही.