कॅल्टेक्सचा नेव्हिल

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण तो पेपरपुरता. त्यामुळे मी मराठी विभागाला लेख देणार म्हटल्यावर माझ्या रूम पार्टनरने आधी पोट धरून हसून घेतलं आणि मग शुद्धलेखन तपासून द्यायचं कबूल केलं. तेव्हा या लेखात जे बरोबर आहे ते त्याचं आणि जे चुकलं ते माझं, असं समजून वाचावं ही विनंती.

मी मूळचा मुंबईचा, वांद्र्याचा. फर्स्ट इयरला कोल्हापुरात आलो तेव्हा बॅगेत मँचेस्टर युनायटेडच्या दोन जर्सी होत्या आणि डोक्यात भरपूर हवा होती. फुटबॉल काय तो आम्हालाच कळतो! एका रविवारी सीनियर्स आम्हाला छत्रपती शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. पाटाकडील विरुद्ध खंडोबा. मॅच सुरू व्हायच्या आधीच माझी हवा गेली. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, शिट्ट्या, हलगी, आणि प्रत्येक जण स्वतःच कोच असल्यासारखा ओरडतोय. इथे क्लब म्हणजे तालीम, तालीम म्हणजे पेठ आणि पेठ म्हणजे घर. हे गणित मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

शेजारी एक आजोबा बसले होते. मी कुठला म्हणून त्यांनी विचारलं. वांद्रे म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम खुलला. रेक्लमेशनजवळ नेव्हिल डिसूझाच्या नावाचं मैदान आहे ना, पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून सांगितलं, पाहिलंय म्हणजे काय, रिक्षातून शेकडो वेळा समोरून गेलोय. मग त्यांनी विचारलं, नेव्हिल कोण होता? मी गप्प. कुणी नगरसेवक असेल, नाहीतर चर्चचे फादर असतील, असं काहीतरी पुटपुटलो. आजोबा रागावले नाहीत. त्यांनी फक्त तोंड फिरवलं आणि मॅच बघायला लागले. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी शोधायला बसलो. तीन वर्षं झाली, अजून अधूनमधून शोधतोच आहे. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे मांडतो.

नेव्हिल डिसूझाचा जन्म 1932 चा. कुटुंब गोव्याचं, पण खेळाडू म्हणून तो घडला मुंबईत. त्या काळी गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, तो मोकळा झाला डिसेंबर 1961 मध्ये. म्हणजे हा गोव्याचा पोरगा भारतासाठी गोल करत होता तेव्हा त्याच्या वाडवडिलांचं गाव भारतात नव्हतंच! त्याचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला. एका घरात दोन आंतरराष्ट्रीय खेळाडू. आपल्याकडे दोन भाऊ एकाच हॉस्टेलला लागले तरी केवढं कौतुक होतं.

नेव्हिल सेंटर फॉरवर्ड होता. मुंबईत आधी तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळला आणि मग कॅल्टेक्सकडे गेला. आता कॅल्टेक्स म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगावं लागेल. ती एक अमेरिकन तेल कंपनी. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन नावांतून तिचं नाव तयार झालं. आज एचपी आणि भारत पेट्रोलियमचे पंप दिसतात तसे तेव्हा कॅल्टेक्स, एस्सो आणि बर्मा शेलचे पंप असायचे. विशाखापट्टणमची रिफायनरी याच कॅल्टेक्सने 1957 मध्ये सुरू केली. केमिकलच्या मित्रांनी नोंद घ्यावी!

त्या काळच्या मुंबईत मोठ्या कंपन्या आणि गिरण्या स्वतःच्या फुटबॉल टीम ठेवायच्या. खेळायचे म्हणून वेगळे पैसे नाहीत, लिलाव नाही. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची. दिवसा ऑफिस, संध्याकाळी कुपरेज मैदान. मुंबईची मुख्य लीग तेव्हा हारवुड लीग या नावाने चालायची आणि सगळ्यात मानाची स्पर्धा म्हणजे रोव्हर्स कप. ही स्पर्धा 1891 मध्ये ब्रिटिश पलटणींसाठी सुरू झाली होती. पुढे कलकत्ता, हैदराबादचे दिग्गज संघ तिथे येऊन कप घेऊन जायचे. मुंबईकर टाळ्या वाजवायला असायचे. 1958 साली मात्र हा कप कॅल्टेक्सने जिंकला. ऑफिसात फायली हाताळणाऱ्या मुलांनी! नेव्हिल त्याच टीमचा. त्याआधी 1954 मध्ये मुंबईने संतोष ट्रॉफी जिंकली, त्यातही तो होता.

पण नेव्हिलचं नाव इतिहासात आहे ते 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमुळे.

जरा मागे जाऊ. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉल संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा हरला होता. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, हे कोल्हापुरात सांगायची गरज नाही. फुटबॉलवाल्यांना मात्र तोंड लपवून परत यावं लागलं. त्यानंतर बूट आले आणि संघ पुन्हा उभा राहिला. कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. मैदान हा 2024 चा सिनेमा त्यांच्यावरच आहे, आपल्या कॉमन रूममध्ये तो लागला होता.

मेलबर्नला पहिल्या फेरीत आपली गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे 1952 चा सुवर्णविजेता संघ. पण त्याच वर्षी हंगेरीत उठाव झाला, रशियन रणगाडे घुसले आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. आपल्याला पुढे चाल मिळाली. म्हणून काही लोक म्हणतात की आपण नशिबाने वर गेलो. त्यांनी पुढचा सामना बघावा.

1 डिसेंबर 1956, उपांत्यपूर्व फेरी, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे. 9 व्या मिनिटाला नेव्हिलचा गोल. 17 व्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. 33 व्या मिनिटाला नेव्हिल. 41 व्या मिनिटाला पुन्हा मॉरो. म्हणजे हाफ टाइमला 2-2. दोनदा पुढे गेलो आणि दोनदा खाली खेचले गेलो. अशा वेळी पोरं खचतात, हे ज्याने आपली इंटर-ब्रँच फायनल बघितली त्याला माहीत आहे. हा पठ्ठ्या खचला नाही. 50 व्या मिनिटाला तिसरा गोल, हॅट्‌ट्रिक! ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. 80 व्या मिनिटाला किट्टूने चौथा मारला आणि भारत 4-2 ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातला पहिला देश ठरला.

उपांत्य फेरीत समोर कोण? पुन्हा युगोस्लाव्हिया! चार वर्षांपूर्वी ज्यांनी दहा गोल चढवले होते तेच. पूर्वार्ध 0-0. उत्तरार्धात पहिला गोल झाला तो आपला, आणि मारला कुणी? नेव्हिलने. काही मिनिटं का होईना, भारत ऑलिंपिक फायनलच्या वाटेवर होता. मग त्यांनी चार गोल केले आणि सामना 4-1 असा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात बल्गेरियाने 3-0 ने हरवलं. आपण चौथे. नेव्हिलचे स्पर्धेत एकूण चार गोल झाले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत तो होता. बाकीचे दोघे युगोस्लाव्हिया आणि बल्गेरियाचे. त्या दोघांच्या गळ्यात पदक पडलं, याच्या नाही.

आणि मग तो काय करतो? मुंबईला परत येतो आणि कॅल्टेक्सकडून खेळायला लागतो. आज एखाद्याने असं काही केलं तर त्याच्या घरासमोर चॅनलवाल्यांच्या गाड्या लागतील. 1960 च्या रोम ऑलिंपिकच्या संघात त्याचं नाव नव्हतं. अर्जुन पुरस्कार सुरू झाला 1961 मध्ये, पहिल्याच वर्षी तो मेलबर्नमधल्या त्याच्या जोडीदाराला, पी. के. बॅनर्जींना मिळाला आणि ते योग्यच होतं. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. 1980 मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. खाशाबांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला तो ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. पण त्यांची आठवण कराडने, कोल्हापूरने आणि कुस्तीच्या आखाड्यांनी जपली. नेव्हिलची कुणी जपायची?

इथे मला कॅल्टेक्सचा प्रश्न पडतो. 1976 मध्ये सरकारने कॅल्टेक्सचा भारतातला कारभार ताब्यात घेतला आणि 1978 मध्ये कंपनी हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. पाटी बदलली, पंपांचे रंग बदलले. रोव्हर्स कप जिंकलेल्या टीमचं नावच जगात उरलं नाही. पुढे मुंबईत हे होतच राहिलं. मफतलाल गेली, ऑर्के मिल्स गेली. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारी महिंद्रा युनायटेडसुद्धा 2010 मध्ये बंद झाली. खुद्द रोव्हर्स कपही 2000-01 नंतर थांबला. कंपनीचा निर्णय म्हणजे एक सही. त्या सहीनंतर जर्सी कुणी धुवायची, फोटो कुणी ठेवायचे, जुन्या खेळाडूला बक्षीस समारंभाला कुणी बोलवायचं, हे कुणाचंच काम राहत नाही.

रोमानियात गालाट्स नावाचं पोलाद कारखान्याचं शहर आहे. तिथल्या क्लबचं नाव ओत्सेलुल, म्हणजे पोलाद. 2011 मध्ये हा संघ देशाचा विजेता झाला आणि त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये चक्क माझ्या मँचेस्टर युनायटेडशी खेळला. पाच वर्षांत दिवाळं निघून तो बंद पडला. पण चाहत्यांनी 2016 मध्येच तो नव्याने उभा केला, तळाच्या डिव्हिजनपासून सुरुवात केली आणि 2023 मध्ये तो पुन्हा वरच्या लीगमध्ये आला. क्लबच्या मागे शहर होतं म्हणून हे झालं. कॅल्टेक्सच्या मागे शहर नव्हतं, फक्त ऑफिस होतं.

आता मला शाहू स्टेडियमवरचा तो गोंगाट वेगळा ऐकू येतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस... ही नावं कुठल्या मालकाने ठेवलेली नाहीत. पैसे कमी पडले की पेठेत वर्गणी निघते. भांडणं होतात, डोकीही फुटतात, ते काही मी चांगलं म्हणणार नाही. पण जुना खेळाडू कट्ट्यावरून गेला तर लहान पोरं आजही त्याला नावाने ओळखतात. नेव्हिल शिवाजी पेठेत जन्मला असता तर त्याच्या 9, 33 आणि 50 या आकड्यांवर इथे पैजा लागल्या असत्या.

मित्रांनो, आपण थर्ड इयरला आहोत. पुढच्या वर्षी कॅम्पसला कंपन्या येतील आणि आपल्यापैकी नशीबवान लोक कुणाचा तरी लोगो असलेला टी-शर्ट घालून फोटो काढतील. मीही काढीन, खोटं कशाला बोलू! पण नेव्हिलची गोष्ट कळल्यापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे. छातीवरचं नाव आपलं नसतं. ते एक दिवस बदलतं. आपण काय केलं हे लक्षात ठेवणारी माणसं बाजूला असली तरच ते टिकतं.

म्हणून एक विनंती, हॉस्टेल कमिटीला आणि रेक्टर सरांनाही. आपल्या हॉस्टेलच्या फाइव्ह-अ-साइड स्पर्धेच्या कपाला दर वर्षी जो कुणी पैसे देतो त्याचं नाव लागतं. कधी झेरॉक्सवाला, कधी क्लासवाला. पैसे त्यांचे घ्या, बॅनरवर नावही टाका, पण कपाचं नाव एकदाच ठरवा आणि बदलू नका. नेव्हिल डिसूझा चषक. खर्च एका पट्टीचा, अक्षरं कोरायची मजुरी आमची रूम देईल.

जाता जाता एवढंच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुद्दाम त्या मैदानावर गेलो. आत शाळेची मुलं खेळत होती, कुणी मेस्सी, कुणी रोनाल्डो. कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या दोघांना मी विचारलं, नेव्हिल कोण होता माहीत आहे का? दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला माझाच चेहरा दिसला. मी तोंड फिरवलं नाही. तिथेच कुंपणाला टेकलो आणि 9 व्या मिनिटापासून सुरुवात केली.