एकटा पडला, पण हटला नाही!

मित्रांनो, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलची लाइट गेली की आपण काय करतो? आधी ओरडतो, मग रेक्टरच्या नावाने बोंब मारतो! पण शेतकऱ्याच्या घरात लाइट यावी म्हणून वर्षानुवर्षं भांडलेला एक अमेरिकन सिनेटर होऊन गेला, हे आपल्या पॉवर सिस्टिम्सच्या पुस्तकात सापडत नाही. त्यांचं नाव जॉर्ज नॉरिस.

१८६१ साली ओहायोतल्या शेतकरी कुटुंबात जन्म. लहानपणीच वडील गेले, थोरला भाऊ यादवी युद्धात कामी आला. नॉरिस वकील झाले, नेब्रास्कात जाऊन जज्ज झाले आणि १९०३ मध्ये प्रतिनिधिगृहात पोचले. पक्ष रिपब्लिकन. तरी १९१० मध्ये स्वतःच्याच पक्षाचे स्पीकर जोसेफ कॅनन यांच्या मनमानीविरुद्ध ठराव आणला आणि तो पास करून दाखवला!

१९१३ मध्ये ते सिनेटर झाले. खरी परीक्षा १९१७ मध्ये आली. मार्चमध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवायचं बिल त्यांनी मूठभर साथीदारांसह अडवलं. देशभर देशद्रोही म्हणून शिव्या बसल्या. मग हे गृहस्थ सरळ लिंकन शहरात गेले आणि भरसभेत मतदारांना आपली बाजू सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिलमध्ये युद्धाच्या ठरावावर ८२ विरुद्ध ६ मतं पडली. त्या सहांत नॉरिस होतेच. तरीही १९१८ ला ते पुन्हा निवडून आले.

आता आपल्या कामाची गोष्ट. अलाबामात टेनेसी नदीवर मसल शोल्सला सरकारी धरण होतं. ते हेन्री फोर्डला विकायचा घाट घातला गेला. नॉरिस आडवे आले. नदी जनतेची, तर वीजही जनतेची, हा त्यांचा हिशोब. त्यांचं बिल १९२८ मध्ये कूलिज यांनी आणि १९३१ मध्ये हूवर यांनी अडवलं. आपला एक पेपर दोनदा बॅक राहिला तर आपण ब्रँच बदलायचा विचार करतो! शेवटी १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी सही केली आणि टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी उभी राहिली. पूरनियंत्रण, जलवाहतूक, वीज, सगळं एकाच खोऱ्याच्या नियोजनात. तिचं पहिलं धरण, २६५ फूट उंच, १९३६ मध्ये पूर्ण झालं. नाव नॉरिस डॅम. त्यासाठी हजारो कुटुंबांना घरदार सोडावं लागलं, हेही विसरून चालणार नाही. त्याच वर्षी ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदाही त्यांच्या पुढाकाराने झाला. तेव्हा अमेरिकेतल्या दहांतल्या जेमतेम एका शेतघरात वीज होती.

१९३६ ला ते अपक्ष म्हणून जिंकले, १९४२ ला हरले आणि १९४४ मध्ये वारले. पण काम थांबलं नाही. टेनेसीच्या धर्तीवर आपल्याकडे दामोदर खोऱ्याची योजना आखली गेली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती पुढे रेटली आणि १९४८ मध्ये महामंडळ स्थापन झालं.

तेव्हा दोस्तांनो, ग्रुपमध्ये सगळे हो म्हणत असताना आपल्याला नाही म्हणावंसं वाटलं, तर नॉरिसना आठवा. आधी गृहपाठ पक्का करा आणि मग खुशाल एकटे पडा!