हबशी गुलाम ते शहराचा संस्थापक : मलिक अंबर

शहागंज म्हणजे शहरातील जुन्या व्यापाराचे केंद्र. येथील घड्याळाचा मनोरा, चमन आणि भोवतालचा बाजार प्रत्येक शहरवासीयाच्या परिचयाचा आहे. शहागंजच्या तलावाचे काम दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेन अली खान याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१४ ते १७१९च्या दरम्यान सुरू झाले. पुढे इवजखानाने तलाव वाढवला व तेथे मशीद उभारली, अशी नोंद इतिहासकार खाफीखानाने करून ठेवली आहे. परंतु ज्या शहरात हा गंज भरला, त्या शहराचा पाया त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधी घातला गेला होता. तो घालणारा ना मराठी मुलखातील होता, ना हिंदुस्थानातील. आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला तो मलिक अंबर होता.

घरदार सुटलेल्या माणसाला परक्या देशात काम आणि मान कसा मिळावा, हा प्रश्न फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यानंतर युरोपपुढे नव्याने उभा राहिला. ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने तात्पुरत्या संरक्षणाचा २००१ मधील कायदा प्रथमच लागू केला. चाळीस लाखांहून अधिक युक्रेनियनांना त्याद्वारे राहण्याचा, नोकरी करण्याचा, मुलांना शाळेत घालण्याचा अधिकार मिळाला. मलिक अंबरची कहाणी या निर्वासितांपेक्षा निराळी व अधिक क्रूर आहे. तो आश्रय मागत आला नव्हता, त्याला विकत आणले गेले होते. तरीही उपऱ्या माणसाचे कसब ओळखले गेले तर काय घडते, याचा दाखला आपल्या पायाखालच्याच भूमीत आहे.

चापू ते अंबर

अंबरचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला आणि हात बदलत बगदादला पोहोचला. तेथील व्यापारी मीर कासिम याने त्याची बुद्धी हेरली, त्याला शिक्षण दिले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव ठेवले. एका मौल्यवान सुगंधी द्रव्याचे हे नाव. हिशेब, पत्रव्यवहार आणि कारभार यांची समज त्याला येथेच आली, असे मानले जाते.

१५७०च्या दशकाच्या आरंभी अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी होते. दख्खनच्या दरबारांत स्थानिक दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी यांच्यात सतत चुरस असे. ज्यांना येथे गोत नाही, त्यांची निष्ठा धन्यापाशीच राहील, या हिशेबाने हबशी शिपाई ठेवले जात. त्यांच्या एकाकीपणाचाच तो उपयोग होता. मात्र या व्यवस्थेत पुढे जाण्याची वाटही होती. धन्याच्या मागे असे शिपाई बहुधा मोकळे होत आणि आपल्या हिमतीवर चाकरी शोधत.

वीस वर्षांची वणवण

१५७४-७५च्या सुमारास चंगेजखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. स्वातंत्र्य मिळाले, पण आधार गेला. युद्ध आणि कारभार दोन्ही जाणणारा हा माणूस पुढील सुमारे वीस वर्षे लहानसहान पथके घेऊन या दरबारातून त्या दरबारात फिरत राहिला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याला मलिक हा किताब मिळाला, पण मोठी जबाबदारी मिळाली नाही. आज युरोपात डॉक्टर, शिक्षिका, अभियंते असलेल्या अनेक युक्रेनियन स्त्रिया भाषा येत नाही, पदवीला मान्यता नाही, मुलांना सांभाळायला कोणी नाही, अशा कारणांनी साफसफाईची किंवा हॉटेलातील कामे करतात. कसब अंगी असूनही ते वापरण्याची संधी न मिळणे, हे विस्थापिताचे जुनेच दुःख आहे.

१५९५च्या सुमारास अंबरने विजापूर सोडले. सोबत होते अवघे दीडशे स्वार. अहमदनगरात हबशी सरदार अभंगखानाने त्याला जवळ केले. त्याच वेळी मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली आणि किल्ला पडला. निजामशाही संपली असे सर्वांना वाटले. अंबरला तसे वाटले नाही. त्याने परांड्याला राजघराण्यातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि विखुरलेले सैन्य पुन्हा उभे केले. दीडशे स्वारांचा नायक एका राज्याचा कर्ताधर्ता झाला.

खडकीचे शहर

१६१०च्या सुमारास एका इंग्रज व्यापाऱ्याने केलेल्या नोंदीनुसार अंबरच्या सैन्यात दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते. उपऱ्या माणसाने केवळ आपल्या जातभाईंचीच फौज उभारली नाही, हे या आकड्यांवरून दिसते. मालोजीराजे भोसले, शहाजीराजे यांच्यासारख्या मराठा सरदारांनी त्याच्या काळात निजामशाहीत पराक्रम गाजवला. चपळ घोडदळाने शत्रूची रसद तोडण्याचे गनिमी तंत्र त्याने मराठा स्वारांच्या बळावरच परिणामकारक केले. जमिनीची पाहणी करून प्रतवारीनुसार सारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून महाराष्ट्राच्या स्मरणात राहिली.

१६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवले. उत्तरेकडील डोंगरांतील पाणी भूमिगत नहरीतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या योजनेने अनेक पिढ्यांची तहान भागवली. मोगलांवरील विजयाची खूण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्या मराठा सरदारांच्या नावांवरून पडल्याचे सांगितले जाते. नव्या शहरात भूमिपुत्रांसाठी जागा राखणारा एक परदेशी होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

परका तो परकाच?

तथापि हे चित्र केवळ गोड नव्हते. काही मराठा आणि हबशी सरदार नाराज होऊन मोगलांना मिळाले. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. १६२१ मध्ये ती पुन्हा बेचिराख झाली. बादशहा जहांगीर त्याच्या वर्णावरून आणि जन्मावरून त्याला हिणवीत असे. अंबरचे शिर बाणाने वेधतानाचे स्वतःचे चित्रही बादशहाने काढवून घेतले. प्रत्यक्षात ही इच्छा कधीच पुरी झाली नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत अंबरने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे होते.

मे १६२६ मध्ये अंबरचे निधन झाले आणि खुलताबादला त्याचे दफन करण्यात आले. ज्या दरबाराने त्याला हयातभर हिणवले, त्याच दरबाराचा इतिहासकार मुतमदखान याला त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची प्रशंसा करावी लागली. १६३३ मध्ये दौलताबाद पडले आणि त्यानंतर तीन वर्षांत निजामशाही लयाला गेली.

खडकीचे फतेहनगर झाले, पुढे औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. शहर वसवणाऱ्याचे नाव शहराला कधीच मिळाले नाही. ते राहिले त्याने आणलेल्या पाण्याच्या नहरीला. मीर कासिमने शिकवले, चंगेजखानाने काम दिले, त्याच्या विधवेने बेडी तोडली आणि अभंगखानाने पडत्या काळात हात दिला. या चौघांपैकी एकानेही पाठ फिरवली असती, तर खडकी कदाचित खेडेच राहिली असती. विस्थापितांना काम द्यावे की नाही, याचा हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही देशाने ही बाजूही जमेस धरायला हवी.